रायापूर ते कसबा बावडा: वसतिगृहाच्या वॉर्डनचा एक दिवस

पहाटे ४

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर, रायापूर आहे. इथंच दूध संघाची डेअरी आहे आणि इथंच इस्कॉनच्या आवारात अक्षयपात्रचं मोठं स्वयंपाकघर आहे. शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाची तयारी तिथं अंधारात सुरू होते. आमच्या वसतिगृहातही आज चारलाच दिवे लागलेत. स्वयंपाकाच्या अक्कांनी कडक भाकऱ्या कालच करून ठेवल्या होत्या. आता उप्पीट परततायत. शेंगाची चटणी, दह्याचा डबा, केळी असं एकेक सामान मी यादीवर खूण करत बाहेर काढतो.

आज शनिवार. पाचवी ते दहावीची बत्तीस मुलं घेऊन कोल्हापूरला जायचं आणि रात्री परत यायचं. राजर्षी शाहू महाराजांचं बालपण जिथं गेलं ते कागल आणि जिथं त्यांचा जन्म झाला तो कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास पॅलेस ही दोन ठिकाणं मुलांना दाखवायची आहेत. आमची मुलं खानापूर, जोयडा, हल्याळ, सौंदत्ती, मुधोळ अशा भागांतली. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, कुणाचे खडीच्या खाणीवर. काहींच्या घरी मराठी, बहुतेकांच्या घरी कानडी. मी दोन्हींत सांगणार आहे.

पहाटे ५

पालकांच्या संमतिपत्रांची फाइल, औषधांची पेटी, उलटी होणाऱ्यांसाठी आलं, लिंबू आणि पिशव्या घेतल्या. दारात उभा राहून एकेकाला नाव घेऊन आत सोडतो. माणसं मोजताना डोकी मोजायची नाहीत, नावं घ्यायची, ही माझी शिस्त आहे. नाव घेतलं की मूल वर बघतं, आणि त्याची तब्येत कशी आहे, झोप झाली का, रडलं आहे का, हे चेहऱ्यावर दिसतं.

पाचवीतला जोयड्याचा मुलगा पुढच्या बाकावर माझ्याशेजारी बसवला. तो जूनमध्ये आला. दर रविवारी संध्याकाळी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. ड्रायव्हर मागं वळून विचारतात, ‘‘होगूणरी, सर?’’ आणि गाडी निघते.

पहाटे ५.३०

धारवाडात शिरताच मी माईक हातात घेतला. सहलीची गोष्ट कोल्हापूरला पोचल्यावर सांगायची असा रिवाज असतो. पण शाहू महाराजांच्या विद्यार्थिदशेचा शेवटचा मोठा टप्पा याच धारवाडात गेला, हे आमच्या मुलांना आधी कळायला हवं.

१८९० मध्ये ते इथं शिकायला आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्याआधीची चार-पाच वर्षं राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेली होती. धारवाडात त्यांचे शिक्षक आणि पालक होते स्टुअर्ट फ्रेझर, जे पुढं म्हैसूरच्या कृष्णराज वडियार यांचेही शिक्षक झाले. इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार यांचे धडे इथं झाले. इथं राहत असतानाच उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानचे अभ्यासदौरे झाले, १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कोल्हापूरच्या राज्यकारभाराची सूत्रं हाती घेतली. म्हणजे कोल्हापूरचा राजा शिकून तयार झाला तो आपल्या गावात.

‘‘मग ते पण हॉस्टेलचेच म्हणायचे,’’ मागून दहावीतला एक जण म्हणाला. राजपुत्राच्या राहण्यात आणि आमच्या लोखंडी कॉटमध्ये फार अंतर आहे, हे मी त्याला सांगितलं. पण घर सोडून परगावी राहून शिकणं ही गोष्ट दोघांची सारखी आहे, हेही सांगितलं.

सकाळी ६.१५

कित्तूरचा फाटा आला तसा गाडीत राणी चन्नम्मांचा जयजयकार झाला. १८२४ ची लढाई मुलांना पाठ आहे. पुढं एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली, बेळगाव उजाडता उजाडता मागं टाकलं, काकतीला पुन्हा चन्नम्मांचं नाव निघालं, कारण ते त्यांचं माहेर. तवंदीचा घाट उतरेपर्यंत तिघांना उलट्या झाल्या. आलं-लिंबू संपलं.

सकाळी ८

निपाणीत गाडी थांबवून उप्पीट आणि चहा. इथून पुढं कोगनोळीचा नाका आणि दूधगंगा ओलांडली की महाराष्ट्र. दुकानांच्या पाट्या कानडीतून मराठीत जातात, बोलणं मात्र अलीकडं-पलीकडं सारखंच मिसळलेलं राहतं. मी मुलांना पुन्हा नावानिशी मोजून घेतलं.

सकाळी ९

कागल. गैबी चौकाजवळ उतरून आम्ही रांगेनं चालू लागलो. इथल्या घाटगे घराण्याची जहागीर कोल्हापूर संस्थानातली. शाहू महाराजांचे जन्मदाते वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार. आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे राजांची मुलगी. हे ऐकताच आमच्या मुधोळच्या मुलानं हात वर केला. मुधोळची शिकारी कुत्री जगभर माहीत आहेत हे तो सगळ्यांना सांगत असतो. शाहू महाराजांचं आजोळ आपलं गाव आहे हे त्याला आज पहिल्यांदा कळलं, आणि पुढचा तासभर तो माझ्यापुढं चालत होता.

घाटग्यांचा वाडा आम्ही बाहेरून पाहिला, मग जयसिंगराव तलावाच्या काठावर मुलांना बसवलं. वडिलांच्या नावाचा तलाव समोर असताना त्यांच्या मुलाची गोष्ट सांगणं सोपं जातं.

पण कागलात मला दोन मुलांची गोष्ट सांगायची होती. घाटग्यांच्या घरात यशवंतराव, म्हणजे पुढचे शाहू महाराज, वाढत होता त्याच्या थोडं आधी, याच जहागिरीत कारकुनी करणाऱ्या कृष्णराव गोखल्यांचा मुलगा गोपाळ इथल्या शाळेत जात होता. जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. प्राथमिक शिक्षण कागलात, पुढचं कोल्हापूरला. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावानं, गोविंदरावानं, स्वतःचं शिक्षण सोडलं आणि पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो दरमहा धाकट्याला शिकायला पाठवत असे. हा धाकटा म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानलं ते.

आठ रुपयांवर मी थोडा थांबलो. आमच्या वसतिगृहात असे गोविंदराव मला ठाऊक आहेत. ते स्वतः आत नसतात. हुबळीच्या गॅरेजात किंवा गोव्याच्या हॉटेलात काम करतात आणि महिन्याच्या पाच तारखेला फोन करून धाकट्याची चौकशी करतात. आज गाडीत त्यांचे भाऊ बसले होते. तलावाकाठी ते एकदम गप्प झाले, म्हणून मी त्यांना पुढचं लगेच सांगितलं.

१८८४ हे वर्ष या दोघांच्या आयुष्यात महत्त्वाचं आहे. गोपाळ त्या वर्षी बी. ए. झाला. त्याच वर्षी १७ मार्चला यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. पुढं १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कलकत्त्यात, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. मुलांना शाळेत पाठवणं पालकांचं कर्तव्य आणि शाळा पुरवणं सरकारचं कर्तव्य, असा त्यामागचा विचार. वर्षभर त्यावर चर्चा झाली. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. गोखले १९१५ मध्ये वारले. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पुढच्या वर्षी करवीरमधल्या चिखलीपासून त्याची सुरुवात झाली.

एकाच लहान गावात बालपण गेलेल्या दोघांपैकी एकानं देशासाठी कायदा मागितला, दुसऱ्यानं आपल्या राज्यापुरता तो करून दाखवला. मी शिक्षणाच्या कामात इतकी वर्षं आहे, पण कागलच्या तळ्याकाठी हे बोलताना माझा आवाज जड होतोच.

सकाळी ११

कोल्हापूर शहर बाजूला ठेवून थेट कसबा बावडा. लक्ष्मी विलास पॅलेस हे राज्य संरक्षित स्मारक आहे. २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म इथं झाला. महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. मुलांना नावातल्या पॅलेसमुळं मनोरे आणि घुमट दिसतील असं वाटलं होतं. ते शहरातल्या नव्या राजवाड्याला आहेत. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार काळ्या दगडात बांधलेला तो राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, म्हणजे ज्या वर्षी हा मुलगा दत्तक गेला त्याच वर्षी. इथं बावड्यात मात्र राजाचं वैभव शोधायला जायचं नसतं. एक मूल जिथं जन्मलं ती जागा पाहायची असते.

अशा ठिकाणी मुलांना माहिती वाचून दाखवण्यापेक्षा त्यांनी प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. म्हणून प्रत्येकानं एक प्रश्न कागदावर लिहायचा, असं काम दिलं होतं. बहुतेकांनी तलवारी, घोडे, कुस्ती, शिकार यांविषयी विचारलं. कुस्तीबद्दल सांगायला मलाही आवडतं. खासबागचं मैदान १९१२ मध्ये त्यांनीच बांधून घेतलं.

जोयड्याच्या मुलानं कागद माझ्या हातात दिला. त्यावर कानडीत लिहिलं होतं: दहाव्या वर्षी नेलं, तर मग घरी कधी पाठवलं?

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि जे घडलं ते सांगितलं. राधाबाई १८७७ मध्ये गेल्या, तेव्हा यशवंतराव तीन वर्षांचा होता. दत्तक गेला तेव्हा दहावं पुरं व्हायचं होतं. शिक्षणासाठी राजकोटला गेला आणि १८८६ मध्ये वडील आबासाहेब वारले, तेव्हा बारावं पूर्ण झालं नव्हतं. म्हणजे सुट्टीत परत यायला गाव होतं, वाडा होता, धाकटा भाऊ बापूसाहेब होता. आई नव्हती आणि वडीलही नव्हते. त्यानंतर राजकोटची उरलेली वर्षं, मग धारवाडची. विसाव्या वर्षी तो कोल्हापुरात कायमचा आला तो राज्य चालवायला.

‘‘तुझ्या घरी आई आहे, बाळा,’’ मी त्याला म्हटलं, ‘‘आणि दिवाळीला तू गेला होतास, मे महिन्यात पुन्हा जाशील.’’ त्यानं मान हलवली. त्याला मी यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही. राजाची गोष्ट ऐकून लेकराची घराची ओढ जाते असं मी मानत नाही. पण ही ओढ फक्त आपल्यालाच लागत नाही, एवढं कळलं तरी मूल थोडं ताठ उभं राहतं.

दुपारी १

सावली बघून डबे उघडले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, केळं. बत्तीस जणांना वाढून झाल्यावर मी आणि ड्रायव्हर जेवलो. हात धुवायला पाणी, कचऱ्याची पिशवी, पुन्हा नावं. एकाचं पाऊल बुटानं चावलं होतं, त्याला पट्टी लावली.

दुपारी २

कोल्हापूर शहरातला दसरा चौक. माझ्या दृष्टीनं आजच्या सहलीचं खरं ठिकाण हे. बावड्यात जन्मलेल्या मुलानं मोठेपणी काय केलं, हे या चौकात उभं राहिलं की दिसतं.

१९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकारानं कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत वसतिगृह, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं ही यादी वाढत गेली. जागा दिल्या, इमारतींना मदत दिली, उत्पन्नं लावून दिली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, चांभाराच्या मुलाला शहरात शिकायचं तर त्याला आधी राहायला कोण जागा देणार, हा त्या काळातला खरा अडसर होता. फी माफ झाली तरी रात्री पाठ टेकायची कुठं? पंगतीला कोण बसवून घेणार? महाराजांनी हा प्रश्न ओळखला आणि ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं त्याच्यासाठी दार बांधलं.

जातवार बोर्डिंगं का, असं नववीतल्या मुलानं विचारलं. चांगला प्रश्न. त्या काळी वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवणं समाज मान्य करत नव्हता. एकत्र वसतिगृहाची वाट पाहत बसलं असतं तर त्या पिढीची शाळा हुकली असती. म्हणून प्रत्येक समाजाला आपापल्या मुलांसाठी उभं केलं. त्याच राजानं २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला पुढं काम कुठं मिळणार, याचीही तजवीज केली.

आणि ही गोष्ट फिरून धारवाडला येते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. पुढं बाबासाहेबांनी वंचितांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यातलं एक १९२९ मध्ये आपल्या धारवाडात सुरू झालं. मुरुघा मठानंही धारवाडात गरीब मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. आमच्या शहराला विद्येचं गाव म्हणतात ते कॉलेजांमुळं म्हणतात. पण कॉलेजापर्यंत मुलं पोचली ती अशा वसतिगृहांच्या ताटावर.

दुपारी ४

परतीचा रस्ता. मुलं कागलपर्यंत गाणी म्हणत होती, निपाणीनंतर एकेक झोपला. झोपलेल्या मुलाची मान नीट ठेवणं, खिडकी बंद करणं, पुढच्या बाकावरच्याला पांघरूण देणं, हे काम बेळगावपर्यंत पुरलं. बेळगावात सगळ्यांना उठवून चहा-बिस्किटं दिली. मुधोळच्या मुलानं तिथूनच घरी फोन लावायला मागितला आणि आईला शाहू महाराजांच्या आजोळाची बातमी दिली.

रात्री ८.३०

रायापूर. दारात पुन्हा बत्तीस नावं. अक्कांनी गरम भात आणि सांबार ठेवलं होतं. पालकांना निरोप पाठवले, औषधांच्या पेटीचा हिशोब लावला, डिझेलची पावती चिकटवली, भटारखान्याच्या वहीत उद्याच्या शिध्याची नोंद केली. दहाला दिवे बंद.

रात्री १०.१५

विश्वस्तांसाठी सहलीचा अहवाल लिहायला बसलो. अहवालात किलोमीटर आणि खर्च असतो, तो लिहिला. त्याखाली एक परिच्छेद जास्त लिहिला, तोच इथं देतो.

गोखल्यांनी मागितलेला हक्क देशाला मिळायला फार काळ गेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आज आमच्या भागात पहिलीत नाव नाही असं मूल सहसा सापडत नाही. दुपारचं जेवणही शाळेत मिळतं. पण कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो. आठवीनंतर हायस्कूल लांब असतं, घरातले ऊसतोडीला गेलेले असतात, आणि हुशार मुलगा गॅरेजात लागतो. शाहू महाराजांचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यांनी शाळा सक्तीची करण्याच्या सोळा वर्षं आधी वसतिगृहं सुरू केली होती. शाळेच्या दारापर्यंत आलेल्या मुलाला तिथं टिकायला जेवण आणि अंथरूण लागतं, हे ज्याचं स्वतःचं बालपण परगावी गेलं त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मोठ्या माणसाचं बालपणीचं घर पाहायला जाण्याचा उपयोग माझ्या मते एवढाच: ते पाहून आल्यावर आपल्या हाताखालच्या मुलांसाठी काय कमी पडतंय, हे स्पष्ट दिसलं पाहिजे. आमच्याकडं दहावीनंतर मुलाला ठेवून घेण्याची सोय नाही. यंदा दहावीत पाच मुलं आहेत, आणि त्यातल्या तिघांना धारवाडात अकरावीला राहायला जागा नाही. सोमवारच्या बैठकीत मी मागच्या कोठीच्या खोलीत तीन कॉट टाकायची परवानगी मागणार आहे. खर्चाचा आकडा अहवालाला जोडला आहे.